एक ओळ म्हणजे काय?

गेल्या काही वर्षांत कोड लिहिणं फार स्वस्त झालं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. फाइल उघडणं, ओळी वाचणं, गट पाडणं, बेरजा करणं, आलेख काढणं हे नववी-दहावीच्या मुलांना शिकवण्यात आमचं अर्धं वर्ष जायचं. थोड्याच दिवसांत ते सगळं मराठीत दोन वाक्यं टाइप केली की समोर येऊ लागलं. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं आणि त्यातून आपल्या वॉर्डातले, गावातले प्रश्न हाताळायला लावायचे, हे काम करणाऱ्यांपैकी काहींनी यंत्राला वर्गाबाहेर ठेवलं, काहींनी वर्गच यंत्राच्या हवाली केला. आपण आजवर जे शिकवत होतो ते म्हणजे कोड लिहिणं, हे दोघांनीही धरून चाललेलं आहे. मला ते मान्य नाही. नागरी प्रश्नांच्या कामात कोड हा कधीच अवघड भाग नव्हता. अवघड होतं, आणि आजही आहे, ते कोष्टकातली एक ओळ म्हणजे नेमकं काय हे ठरवणं. एक खड्डा, एक तक्रार, एक घर, एक नळ, पाण्याची एक पाळी, यांतलं काय एका ओळीत घ्यायचं? एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं? आणि काहीच हाती लागलं नाही तर त्या रकान्यात काय लिहायचं? या प्रश्नानं मला कधीच सोडलेलं नाही, आणि यंत्र आल्यापासून तर याच्याइतकं शिकवण्यासारखं दुसरं काही मला दिसत नाही.

खड्ड्यांपासून सुरुवात करू, कारण मुलंही तिथूनच करतात. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बॉस्टन शहरानं 'स्ट्रीट बंप' नावाचं ॲप आणलं. कल्पना देखणी होती. फोन गाडीत ठेवायचा. त्यातला हालचाल ओळखणारा सेन्सर धक्का टिपणार, जीपीएस जागा टिपणार, आणि कुणाला तक्रार करायची तसदी न पडता पालिकेच्या हातात खड्ड्यांचा नकाशा येणार. प्रत्यक्षात हातात आली ती धक्क्यांची यादी. त्यात गतिरोधक होते, रूळ होते, आणि रस्त्याच्या पातळीशी न जुळणारी लोखंडी झाकणं, म्हणजे आपण ज्यांना चेंबर म्हणतो ती, भरपूर होती. शिवाय ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि गाडी दोन्ही होतं त्यांच्याच वस्त्यांमधले धक्के नोंदले जाण्याची भीती होती. गरिबांच्या आणि म्हाताऱ्यांच्या वस्त्या गुळगुळीत दिसल्या असत्या. शहराच्या अधिकाऱ्यांना याची जाण होती. म्हणून त्यांनी ॲप आधी सगळीकडे फिरणाऱ्या रस्ते-निरीक्षकांच्या हाती दिलं. मला या उदाहरणाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी की तिथल्या कोडमध्ये काहीही चूक नव्हती. कोष्टकाच्या मथळ्यावर 'खड्डा' लिहिलेलं होतं आणि ओळीत 'धक्का' भरला जात होता, एवढंच.

आपल्याकडे हाच प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण त्यात पैसा अडकलेला असतो. जुलैत बुजवलेला खड्डा पंधरा दिवसांनी त्याच जागी उघडला तर तो जुना की नवा? मुलांना हा प्रश्न आधी शब्दच्छल वाटतो. पण रस्त्याच्या कंत्राटात दोषदायित्व कालावधी असतो, आणि त्या मुदतीत निघालेला दोष कंत्राटदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. जुना खड्डा म्हटला तर बिल कंत्राटदाराच्या खिशातून जातं, नवा म्हटला आणि कुणी मुदत तपासली नाही तर ते आपल्या करातून जातं. दोन खड्डे पावसात वाढत जाऊन एक झाले तर संख्या कमी झाली म्हणायची का? 'या महिन्यात इतके खड्डे बुजवले' या निवेदनात मोजलं काय, जागा की डांबर टाकण्याच्या खेपा? पंधरा वर्षांचं पोर या प्रश्नाशी झटू लागलं की कंत्राट, बिल, मुदत, कनिष्ठ अभियंत्याची सही हे सगळं आपोआप वर्गात येतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात महापालिकेची रचना पानभर असते. ती कशाला असते हे या एका ओळीपाशी कळतं.

आता पुण्याचं उदाहरण, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली. २०१७ मध्ये आलेल्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासकाचं राज्य होतं. अशा शहरात 'प्रभागनिहाय तक्रारी मोजा' हा गृहपाठ दिसायला पाच मिनिटांचा आहे. पण २०१८ ची फुरसुंगीची तक्रार आजच्या तक्त्यात कुठे बसवायची? २०१९ साली नांदेड गावातल्या माणसाची पाण्याची तक्रार महापालिकेच्या यादीत का नाही? तिथे पाणी चांगलं होतं म्हणून, की तेव्हा ते गाव महापालिकेत नव्हतं आणि तक्रार ग्रामपंचायतीच्या वहीत किंवा फक्त तोंडी राहिली म्हणून? आलेखावर २०२१ नंतर तक्रारींचा चढ दिसतो. मूल म्हणतं, सेवा बिघडली. वाढली ती हद्द, असंही असू शकतं. दोन्ही खरं असू शकतं. कोणतं किती खरं, हे ठरवण्यासाठी आधी हद्दीचा इतिहास कोष्टकात घालावा लागतो, आणि तो कुठल्याही तयार फाइलमध्ये मिळत नाही.

त्यात आपली लिपी. २०२१ मध्ये आलेल्या गावांत नऱ्हे आहे. हे नाव संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. एक, 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त आणि पुढे ह. दुसरी, साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन गावं आहेत. 'ॲम्ब्युलन्स'मधल्या पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कितीतरी नोंदींत ते अ वर चंद्र देऊन लिहिलेलं असतं. कार्यालयातून मिळालेली जुनी पीडीएफ कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडबाहेरच्या फाँटमध्ये असेल तर तिच्यातला मजकूर उचलल्यावर रोमन अक्षरांचा चिखल हाती येतो. या व्यवसायातल्या कुणालाही हे नवीन नाही. पण मोजणीवर याचा परिणाम काय होतो हे फार थोडे जण मुलांना दाखवतात. नऱ्ह्याच्या तक्रारी दोन गटांत विभागल्या गेल्या की दोन्ही गट यादीत खाली जातात. सर्वाधिक तक्रारींच्या पहिल्या दहा भागांत ते गाव येतच नाही, आणि ती यादी ज्यांच्या टेबलावर जाते त्यांच्यासाठी नऱ्ह्यात काही अडचण उरत नाही.

याहून वाईट गोष्ट रिकाम्या रकान्याची. पायथनमध्ये कोष्टकं हाताळण्यासाठी आपण सगळे पांडाज वापरतो. त्यात प्रभागाप्रमाणे गट पाडले की ज्या ओळीत प्रभागाचा रकाना रिकामा आहे ती ओळ मुकाट्यानं गळते. हे त्याचं मूळ वर्तन आहे. गळू द्यायची नसेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. ना चूक दाखवली जाते, ना इशारा. आता कोणत्या तक्रारींत प्रभागाचा रकाना रिकामा असण्याची शक्यता सर्वांत जास्त? नव्यानं आलेल्या गावांतल्या, हद्दीवरच्या, ज्या वस्तीला अजून धड पत्ता नाही अशा ठिकाणच्या. म्हणजे ज्यांची बाजू मांडावी म्हणून हा सगळा खटाटोप, तेच एका शब्दाच्या आज्ञेत बाहेर फेकले जातात, आणि उरलेल्यांचा आलेख फार सुबक येतो. मी या एका ओळीच्या कोडवर जितका वेळ घालवतो तितका कुठल्याच अल्गोरिदमवर घालवत नाही. सहकाऱ्यांना हा माझा हट्ट वाटतो, आणि तो हट्ट आहेच.

यंत्रच कोड लिहितं तर मुलांना कोड शिकवायचाच कशाला, या आक्षेपाचं उत्तरही इथेच आहे. यंत्राला 'प्रभागनिहाय तक्रारी मोज' म्हटलं तर ते हीच गळकी ओळ लिहून देईल, आणि ती चालेल. 'रिकामा प्रभाग वेगळा गट म्हणून धर, नऱ्हे दोन्ही रूपांत लिहिलेलं असेल ते एक कर, फुरसुंगी २०२४ पूर्वी आत आणि नंतर बाहेर समज' असं सांगितलं तर तेही ते बिनतक्रार करील. सांगणारा कोण, हाच प्रश्न आहे. ज्याला नऱ्हे कुठे आहे ते ठाऊक आहे आणि ज्याला समोरचा कोड वाचून 'एकूण ओळी किती होत्या, मोजल्या किती?' असं विचारता येतं, तोच हे सांगू शकतो. गाव माहीत असलेल्या माणसाला कोड वाचता येत नाही, कोड वाचणाऱ्याला गाव माहीत नाही, ही आपल्या सरकारी संगणकीकरणाची जुनी अडचण आहे. शाळेतल्या मुलात या दोन्ही गोष्टी एकत्र येऊ शकतात. मी कोड शिकवतो तो वाचण्यासाठी आणि संशय घेण्यासाठी. लिहिणं त्यातून येतं, आणि नाही आलं तरी फारसं अडत नाही.

या मतामुळे मी माझ्याच क्षेत्रातल्या पुष्कळांपासून दुरावलो आहे. टाळेबंदीच्या काळात लहान मुलांना कोडिंग शिकवून लक्षाधीश करण्याच्या जाहिरातींचा पूर आला होता. तो ओसरला, त्याबद्दल लिहिण्यासारखं आता काही नाही. मला जास्त चिंता आहे ती सद्‌हेतूनं चाललेल्या कामाची. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशननं २०१६ पासून शाळाशाळांत टिंकरिंग लॅब उभ्या केल्या. शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, अशा शाळा दहा हजारांच्या वर गेल्या आहेत, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. साधनं आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण कुठल्याही विज्ञान प्रदर्शनात जा, 'स्मार्ट कचरापेटी' भेटतेच. अंतर मोजणारा सेन्सर झाकणाला लावलेला, पेटी भरली की मोबाइलवर संदेश. पुण्यासारख्या शहरात ही पेटी ज्या रस्त्यावर ठेवायची तिथल्या पेट्या काढून टाकण्याकडेच महापालिकेचा अनेक वर्षं कल आहे. कचरा दारातून उचलला जातो. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, आणि तिच्यातूनच निघालेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर हे काम करते. पेटी किती भरली हे दारात येणाऱ्या कचरावेचक बाईला सेन्सरनं सांगायची गरज नाही. ओला-सुका वेगळा न देणारी घरं कोणती, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ओझं किती वाढतं, सॅनिटरी कचरा न गुंडाळता कोण देतं, आणि ज्या कोपऱ्याला महापालिकेचे लोक 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात तिथे रात्री कचरा टाकतं कोण, हे तिचे प्रश्न आहेत. यांतला एकही सेन्सरला दिसत नाही. एक ओळ म्हणजे एक पेटी, असं पेटी बघायच्या आधीच ठरून गेलेलं असतं, कारण सेन्सर पेटीलाच लावता येतो.

यावर उत्साही शिक्षक मला सांगतात की ॲप बनवण्यात मुलांना जो आनंद मिळतो तो कोष्टकात मिळत नाही, आणि आनंदाशिवाय शिकणं नाही. आक्षेप रास्त आहे. ॲपला माझा विरोधही नाही. धारावीतल्या मुलींनी एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर वापरून सार्वजनिक नळावरच्या पाळीचं ॲप केलं होतं. आपला नंबर आला की फोनवर कळावं, तोवर हंडा घेऊन उभं राहावं लागू नये. दहा वर्षांपूर्वी त्याचं पुष्कळ कौतुक झालं. ते कौतुक बहुधा 'झोपडपट्टीतल्या मुलीही कोड लिहू शकतात' अशा सुरात झालं, आणि तो सूर मला खटकतो. त्या कामातली खरी हुशारी वेगळी होती. एक ओळ म्हणजे एका घराची एक पाळी, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही, कारण त्या रांगेत त्या स्वतः उभ्या राहिलेल्या होत्या. रांग म्हणजे काय, मध्ये घुसणं म्हणजे काय, कुणाची पाळी कुणाला देता येते, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. नैरोबीच्या किबेरा वस्तीचंही असंच. २००९ मध्ये तिथल्या तरुण मुलांनी ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या वस्तीचा नकाशा काढला. तोवर सार्वजनिक नकाशांत ती जागा जवळजवळ कोरी होती. त्यांच्या नकाशात काय दाखवायचं हे चालत फिरताना ठरलं. शौचालय दाखवायचं, पाण्याची टाकी दाखवायची, दवाखाना दाखवायचा. मुलांना आनंद ॲपमधून मिळतो हे खरं, पण आपण ज्यात राहतो ते आपल्याला इतरांपेक्षा बारकाईनं माहीत आहे या शोधाचा आनंद त्याहून टिकतो.

मी सध्या ज्या विषयाला चिकटून आहे तो पाण्यातल्या क्लोरीनचा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन-बॅरे सिंड्रोमची साथ आली, दोनशेहून अधिक रुग्ण आढळले, आणि त्यांतले कितीतरी नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यातले होते, म्हणजे २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांतले. दूषित पाण्याकडे बोट गेलं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का हा प्रश्न एकाएकी घराघरात पोचला. भारतीय मानकाप्रमाणे नळाला येणाऱ्या पाण्यात उर्वरित मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. ग्रामपंचायतीत टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली जाते, ओटी म्हणजे ऑर्थोटॉलिडीनची चाचणी होते, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं धरतात, आणि रजिस्टरमध्ये नोंद होते. शाळेच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय मिळणार नाही, असं कुणालाही वाटेल. आता त्या रजिस्टरची एक ओळ घ्या. तारीख, ठिकाण, 'ओटी होकारार्थी'. नमुना टाकीजवळच्या नळाचा, की जलवाहिनीच्या शेवटच्या घरचा? क्लोरीन वाटेत खर्च होतं; टाकीपाशी पिवळं आणि शेवटच्या घरी रंगहीन, हेच तर पाहायचं असतं. पाणी सुटल्या सुटल्या घेतलं, की थोडं वाहू दिल्यावर? रंग कधी पाहिला? ओटी टाकल्यावर दहा सेकंदांत दिसणारा रंग मुक्त क्लोरीनचा. पंधरा-वीस मिनिटांनी पाहिलात तर त्यात संयुक्त क्लोरीनही मिसळलेलं असतं. जंतू मारण्याची धमक प्रामुख्यानं पहिल्यात. म्हणजे 'पिवळं' या एका शब्दात दोन वेगळी मोजमापं लपलेली असू शकतात आणि त्यांना वेगळं करणारी गोष्ट, वाचनाची वेळ, रजिस्टरमध्ये नसते. एक सूचना इथेच देतो. ऑर्थोटॉलिडीन घातक रसायन आहे, ते मुलांच्या हाती देऊ नये. डीपीडीच्या गोळ्या वापराव्यात.

मग शून्य. कोष्टकात क्लोरीनच्या रकान्यात ० आहे. चाचणी केली आणि क्लोरीन आढळलं नाही? चाचणीच केली नाही आणि कुणी तरी जागा भरली? की त्या दिवशी पाणीच आलं नाही? पहिल्या शून्यात रोगाचा धोका आहे, दुसऱ्यात कर्मचाऱ्याची गैरहजेरी, तिसऱ्यात बंद पंप किंवा फुटलेली जलवाहिनी. तिघांवर उपाय करणारी माणसं वेगळी, कार्यालयं वेगळी. सरासरी काढणारा प्रोग्रॅम तिघांना एकाच पंगतीत बसवतो. रिकामी जागा सोडावी, शून्य लिहावं की 'पाणी नाही' लिहावं, यावर दहावीची मुलं तासभर भांडू शकतात, आणि त्या भांडणात जलव्यवस्थेबद्दल जितकं कळतं तितकं प्रकल्प अहवालाच्या पन्नास पानांतून कळत नाही. मी त्या भांडणात मध्ये पडायचं टाळतो. उत्तर सांगून मोकळं होण्याची शिक्षकाची खोड मोठी असते, आणि माझी तर फारच. जे मला सुबकपणे मांडता येतं ते मुलांनी अडखळत मांडलेलं ऐकणं मला जड जातं.

'हे सगळं कारकुनी काम आहे, यात संगणकशास्त्र कुठे आहे?' असं विचारणारे पालक असतात आणि अभियंतेही असतात. त्यांना मी सांगतो की डेटाबेस शिकताना पहिल्या दिवशी जी प्राथमिक किल्ली शिकवतात ती याच प्रश्नाचं औपचारिक रूप आहे. कोणत्या गोष्टीमुळे एक नोंद दुसरीपासून वेगळी ठरते? पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर हजेरी क्रमांक असं तयार मिळतं. खड्ड्याला हजेरी क्रमांक नसतो. तो कुणीतरी द्यायचा असतो, आणि देताना जबाबदारी घ्यायची असते. हा अमूर्त विचार आहे, मुलांना पेलतो, आणि विद्यापीठातून पदवी घेऊन आलेल्या पुष्कळांना पेललेला दिसत नाही. प्रदर्शनात मात्र तो दाखवता येत नाही, हे कबूल. पेटीचं झाकण उघडलं की टाळ्या पडतात. 'आम्ही शून्याचे तीन प्रकार वेगळे केले' यावर पडत नाहीत. मला टाळ्या आवडतात, ते मी लपवणार नाही. माझ्या वर्गाचं कोष्टक पाहून पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यानं मान वर करावी आणि 'ही वाचनाची वेळ कुणी लिहायला सांगितली?' असं विचारावं, ही माझी हाव त्या टाळ्यांहून मोठी आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो बहुधा कार्यकर्ते घेतात. हे काम महापालिकेचं, त्यासाठी कर घेतला जातो. मुलांना फुकट निरीक्षक का बनवता? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. पाण्याची रोजची तपासणी मुलांनी करायची नाही. घरोघर जाऊन माणसांची माहिती गोळा करणं तर मुळीच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांची माहिती हाताळायला पालकांची संमती लागते, आणि कायदा नसता तरी शाळेनं ही मर्यादा पाळायलाच हवी. पण प्रशासनाकडे आहे ती माहिती जुळवून पाहण्याचं काम करणार कोण? माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमात नोंदी नीट लावून, संगणकावर घेऊन, आपणहून प्रसिद्ध करायची अपेक्षा आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संबंधित खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मात्र स्पष्ट केलं की जी माहिती नोंदीत नाही आणि ठेवणं बंधनकारकही नाही ती गोळा करून, संकलित करून देण्याचं बंधन कार्यालयावर नाही. म्हणजे वहीत आहे तसं मिळेल, जुळवायचं नागरिकानं. प्रोग्रॅमिंगला खरी जागा आहे ती तिथे. महाराष्ट्राच्या नियमांनी २०१२ पासून अर्जावर एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा घातली. नागरिकांवरचा जाच म्हणून त्यावर टीका झाली आणि ती योग्य होती. पण वर्गात मी ती मर्यादा वापरतो. 'आमच्या भागातल्या पाण्याची माहिती द्यावी' असा अर्ज लिहिणाऱ्याला कोष्टकाची ओळ ठरलेली नसते. 'अमुक महिन्यातल्या प्रत्येक क्लोरीन चाचणीची तारीख, नमुना घेतल्याचं ठिकाण, वेळ आणि निष्कर्ष, रजिस्टरच्या प्रतीसह' असं दीडशे शब्दांच्या आत मागणाऱ्याला ती ठरलेली असते. अर्ज मोठ्या माणसाच्या नावानं जावा, मसुदा मुलांचा असावा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणकच बंद पडलेले असतात, तिथे हे कसं करणार, असं कुणी म्हणेल. ओळ ठरवायला संगणक लागत नाही, फळा पुरतो. मोजायला एक फोन पुरतो. ग्रामपंचायत शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असते आणि पाणी सोडणारा माणूस मुलांच्या ओळखीचा असतो, ही सोय पुण्याच्या कुठल्याही इंग्रजी शाळेला नाही. गावातल्या मुलांना शहरातल्यांपेक्षा हे काम लवकर जमतं अशी माझी धारणा आहे.

न सुटलेली अडचण पुढेच आहे. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, एप्रिलमध्ये संपतं. पाण्याची ओढाताण मे महिन्यात टोकाला जाते. दहावीची मुलं निघून जातात आणि कोष्टक नववीकडे येतं. त्याबरोबर रकान्यांची वही असते: कोणत्या शून्याचा अर्थ काय, नऱ्हे कसं लिहायचं, पाणी किती वेळ वाहू देऊन नमुना घ्यायचा. नवी मुलं ती वाचतात आणि त्यांतलं कुणी तरी, बहुधा सर्वांत चुणचुणीत असतं ते, म्हणतं की ही व्याख्या चुकीची आहे, आम्ही बदलणार. बदलू दिली तर मागच्या वर्षांशी तुलना तुटते, आणि अनेक वर्षांच्या सलग नोंदीशिवाय अभियंता आमच्याकडे लक्ष देणार नाही. बदलू दिली नाही तर ही मुलं दुसऱ्यानं ठरवलेल्या चौकटी भरत बसतात, आणि मला जे शिकवायचं होतं तेवढं सोडून बाकी सगळं शिकतात. दोन व्याख्या शेजारी शेजारी चालवून पाहणं हा मार्ग आहे, एक वर्ष दोन्ही रकाने भरायचे. पण त्यात काम दुप्पट होतं, आणि मार्चमध्ये परीक्षा असते. यंदा नववीला पाणी किती वेळ वाहू द्यायचं हा नियम बदलायचा आहे. त्यांचं कारण पटण्यासारखं आहे: जलवाहिनीच्या शेवटच्या घरी पाणी अर्धाच तास येतं, तिथे पाच मिनिटं वाहू देणं म्हणजे त्या घरातली एक कळशी कमी करणं.